भाकरीची वही आणि लाल ठिपका

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या आहेत. सोलापुरात छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत त्या काम करतात. वस्त्यांमध्ये फिरायचं, अर्जदाराचं घर बघायचं, माहिती भरून प्रकरण वर पाठवायचं, हे त्यांचं रोजचं काम. वर्षभरापूर्वी कंपनीने मोबाइलवर नवं ॲप दिलं. माहिती भरली की त्यात हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका येतो. लाल आला की प्रकरण बहुतेक तिथेच थांबतं. मागच्या महिन्यात त्यांनी एका विधवा बाईंचा ६०,००० रुपयांचा अर्ज भरला. या बाई कडक भाकऱ्या करून दुकानांना पुरवतात. सुगीत स्वस्त असताना ज्वारी भरून ठेवायची आणि मोठी भट्टी घ्यायची, यासाठी त्यांना पैसे हवे आहेत. ठिपका लाल आला. व्यवस्थापकांनी चार कारणं सांगितली: वस्ती, भाड्याची खोली, घरात एकटीच कमावती, आणि आधीच्या कर्जाची नोंद नाही. वर म्हणाले, "त्या वस्तीतली थकबाकी बघा. आकडे खोटं बोलत नाहीत." ताईंना हे पटत नाही, पण उलट बोलायची हिंमतही होत नाही. तीन वर्षांपूर्वी 'चेहऱ्यावरून माणूस कळतो' असं म्हणत त्यांनी एका बाईची शिफारस केली होती. ते कर्ज थकलं आणि शेवटी चार हप्ते ताईंनी स्वतःच्या पगारातून भरले. भाकरीवाल्या बाईंची हिशेबाची वही त्यांनी झेरॉक्ससाठी आणली होती. नकार कसा सांगायचा या संकोचापायी ती तीन आठवडे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. त्या विचारतात, "मी भावनेच्या भरात विचार करतेय का? आकडा खरा असेल, तर त्यावरून निर्णय घेणं हा अन्याय कसा?"

ताई, आधी त्या चार हप्त्यांबद्दल बोलू. पत्रात ते दोन ओळींत येऊन जातात, पण सगळं पत्र त्यांच्याच धाकात लिहिलेलं आहे असं मला वाटलं. तुम्ही एकदा एका बाईवर विश्वास टाकलात, ती फेडू शकली नाही, आणि आपलं मन चुकतं, आकडा चुकत नाही, असं तुम्ही ठरवून टाकलंत. पण त्या वेळी ॲप असतं आणि ठिपका हिरवा आला असता तर? हिरवी कर्जंसुद्धा थकतात. तेव्हा चार हप्ते भरायची पाळी तुमच्यावर आली नसती. ॲपने सांगितलं म्हणून दिलं, एवढ्यावर सगळे मोकळे झाले असते. ॲप चुकलं तर कोणी जाब विचारत नाही आणि तुम्ही चुकलात तर पगार कापला जातो, अशी तुमच्या शाखेतली रीत आहे. तुम्हाला भीती वाटते ती या रीतीमुळे. तुमची पारख कच्ची आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि एक मोठी बहीण म्हणून सांगते, यापुढे कोणाचाही हप्ता स्वतःच्या खिशातून भरू नका. तो कंपनीचा धंदा आहे आणि त्यातली जोखीमही कंपनीचीच.

आता तुमच्या दुसऱ्या बाजूकडे येते, कारण तिथेही मला थोडं अडतं. चेहऱ्यावरून माणूस कळतो, हे मला मान्य नाही. तुम्ही त्या वहीचं फार सुंदर वर्णन केलं आहे. दोनशे पानी वही, डावीकडे दुकानाचं नाव, मध्ये भाकऱ्यांचे नग, उजवीकडे जमा आणि बाकी. आठवीतल्या मुलीचं गोलसर अक्षर. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांभोवती लाल पेनाने आखलेली चौकट, कारण तेव्हा विक्री दुप्पट. एका दुकानदाराने बुडवलेले ३४० रुपये खोडलेले नाहीत, त्यापुढे नुसतं 'येणे' लिहिलेलं आहे. ती वही वाचून माझाही जीव तिच्यात गुंतला. पण पुढच्या गल्लीतल्या एखाद्या बाईला लिहिता-वाचता येत नसेल, सगळा हिशेब तिच्या डोक्यात असेल, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असल्यामुळे ती तुमच्याशी मराठीत अडखळत बोलत असेल, तर? तिच्यासाठी तुम्हाला इतकं वाटलं असतं का? मला शंका आहे. तुमच्या जागी मी असते तरी हेच झालं असतं. आपलं मनही ठिपकेच काढत असतं. बोलणं, कपडे, घराचा उंबरा, आडनाव यांवरून ते रंग देतं, आणि ते रंग कशावरून दिले हे आपल्यालाही सांगता येत नाही.

म्हणून आकड्यांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. भारतात सिबिल, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणारी कंपनी, २००० साली सुरू झाली. त्याआधी कर्ज मिळणार की नाही हे बऱ्याचदा शाखेतल्या साहेबाची ओळख, जामीनदाराचं वजन आणि अर्जावरचं आडनाव यावर ठरायचं. सिबिलचा ३०० ते ९०० मधला गुणांक काढताना आडनाव धरत नाहीत. तुम्ही घेतलेलं कर्ज वेळेवर फेडलंत का, किती उचललंय, किती ठिकाणी मागितलंय, हे बघतात. शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागवाल्याच्या पोराला कोणाची ओळख नसताना या आकड्यावर दुचाकी मिळते, हे साधं नाही.

पण आकड्यांचे दोन प्रकार असतात आणि तुमच्या ॲपने ते एकाच ठिपक्यात कालवले आहेत. एक आकडा माणसाने स्वतः काय केलं त्याचा. दुसरा, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या, त्याच्याजवळ राहणाऱ्या लोकांनी काय केलं त्याचा. व्यवस्थापकांनी सांगितलेली चार कारणं पुन्हा वाचा. वस्ती, म्हणजे शेजाऱ्यांनी काय केलं. एकटी कमावती, म्हणजे नवरा गेला. भाड्याची खोली, म्हणजे घर घ्यायला पैसे नव्हते. जुन्या कर्जाची नोंद नाही, म्हणजे आजवर कोणी दिलंच नाही. या चारांत त्या बाईंनी स्वतः केलेली गोष्ट कुठली? एकही नाही. त्यांनी जे केलं ते सगळं वहीत आहे, आणि वही भरायला ॲपमध्ये रकाना नाही. त्या एकाच खोलीत ११ वर्षं राहतात आणि भाडं कधी चुकलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. 'भाड्याची' म्हणून शिक्का मारताना ही ११ वर्षं कोणी विचारली का?

तुम्ही म्हणाल, वस्तीतली थकबाकी तर खरी आहे. असेल. समजा, त्या वस्तीत १०० कर्जांमागे १२ थकतात आणि शहरात इतरत्र ५. दुपटीपेक्षा जास्त, ऐकायला भयंकर वाटतं. पण याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की त्या वस्तीतल्या ८८ जणी पैसे फेडतात. वस्ती लाल केली की १२ जणींच्या थकबाकीपायी या ८८ जणींना नाही म्हटलं जातं. शिवाय ते १२ का थकले? तुमच्या कंपनीची आकडेवारी कोणत्या वर्षांची आहे, हे विचाराच. त्यात २०२० असेल तर त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, आठवतं ना? विडी, यंत्रमाग, धुणीभांडी, हातगाडी अशा रोजच्या कमाईवर चालणाऱ्या वस्त्यांना त्या काळात जो फटका बसला तो होटगी रोडच्या बंगल्यांना बसला नाही. तेव्हाची थकबाकी त्या वस्तीच्या दानतीबद्दल काही सांगत नाही, टाळेबंदीबद्दल सांगते.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. ज्यांना कर्ज दिलं आणि ज्यांनी बुडवलं, त्यांची नोंद होते. ज्यांना नाकारलं त्यांनी फेडलं असतं की नसतं, याची नोंद जगात कुठेही होत नाही. तुमचं ॲप चूक करून हिरवा देतं तेव्हा सहा महिन्यांत ती चूक थकबाकीच्या यादीत दिसते, मीटिंगमध्ये तिच्यावर चर्चा होते. ॲप चूक करून लाल देतं तेव्हा ती चूक कधीच कोणाला दिसत नाही. ती बाई घरी जाते, महिना पाच टक्क्यांनी सावकाराकडून उचलते, त्याखाली दबते, आणि दोन वर्षांनी खरंच कोणाचे तरी पैसे थकवते. मग त्या वस्तीचा आकडा आणखी वाढतो आणि साहेब म्हणतात, बघा, मी सांगत होतो. आकडे खोटं बोलत नाहीत हे खरं धरलं, तरी ही अर्धी गोष्ट त्यांना कधी कोणी सांगितलेलीच नसते.

तुम्ही त्या वस्तीचं नाव पत्रात लिहिलंय. मी ते इथे छापत नाही. पण आपल्या गावात बसून हा प्रश्न विचारावा आणि सेटलमेंट आठवू नये, हे कसं होईल? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ पासून तो मुंबई इलाख्यातही आला. अमुक जमातीत चोऱ्या जास्त होतात असं सरकारी दप्तराने ठरवलं, म्हणून त्या जमातीत जन्मलेलं प्रत्येक माणूस नोंदवलं गेलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत झाली, तीच ही सेटलमेंट. पारधी, कैकाडी, टकारी अशा कितीतरी घरांतली माणसं तिथे राहिली. हजेरी द्यायची, बाहेर जायला पास लागायचा, आणि दिवसा याच माणसांनी आपल्या गिरण्यांमध्ये कापड विणलं. एखाद्या बाईने आयुष्यात कोणाच्या अंगणातलं लाकूडही उचललेलं नसेल, तरी हजेरी चुकत नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पुढे १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, त्यात कागदावर तरी जन्माऐवजी माणसाला स्वतःला झालेली शिक्षा बघायची होती. पण सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव आजही आपल्या शहरात पत्त्यावर लिहिलं जातं. तुमचं ॲप बनवणाऱ्या पोरांना हे काहीच ठाऊक नसणार, त्यांच्या मनात वाईट नसणार. त्यांनी फक्त पत्ता हा एक रकाना ठेवला. आपल्या गावात पत्त्याच्या रकान्यात जात, धर्म, गिरणी, दंगल, सगळं आपसूक भरलं जातं.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि धोक्याच्या वस्त्यांना लाल रंग दिला. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लालमध्ये गेल्या, तिथे कर्ज मिळेना, घरं पडकी झाली, आणि मग पडकी घरं दाखवून लाल रंग बरोबरच होता असं म्हणता आलं. कायद्याने असल्या भेदभावावर बंदी यायला १९६८ उजाडलं. युरोपात विमा कंपन्या बाई-पुरुष बघून हप्ता ठरवायच्या. त्यांचे आकडे अगदी पक्के होते. पुरुष गाडी जास्त ठोकतात, बायका जास्त जगतात. तरी तिथल्या न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला आणि २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या विम्यात हे बंद झालं. तिथे आकडा खरा की खोटा हा वादच नव्हता. खऱ्या आकड्यावरूनही एखाद्या माणसाला तोलायचं की नाही हे समाजाला ठरवावं लागतं. तुमच्या प्रश्नातला 'आकडा खरा असेल तर' हा भाग मला म्हणूनच पुरेसा वाटत नाही.

आता व्यवस्थापकांची बाजू. ती नीट ऐकायला हवी, कारण तुम्हाला त्यांच्याशी भांडण नको, काम करून घ्यायचंय. कंपनीनेही पैसे उधार आणलेले असतात, ते बुडाले तर उद्या कोणालाच कर्ज मिळणार नाही. आणि नाकारणं नेहमी क्रूर नसतं. शेजारच्या आंध्रात २०१० मध्ये काय झालं ते तुमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. एकाच बाईला चार-चार कंपन्यांनी झेपेल की नाही न बघता कर्जं दिली, वसुलीच्या जाचाने घरं उद्ध्वस्त झाली, सरकारला ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढावा लागला. सरसकट हिरवा देणं हासुद्धा माणसाकडे न बघण्याचाच प्रकार. दार उघडायचं की लावायचं हे ठरवण्याआधी त्या बाईला हप्ता झेपेल का, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचं उत्तर वस्तीकडे नसतं, तिच्याकडेच असतं.

इथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. माझे वडील गिरणीत होते. गिरण्या बंद पडायला लागल्या तेव्हा आमच्या पेठेतल्या किराणा दुकानदारांनी एकेक करून 'गिरणीवाल्यांना उधारी बंद' असं ठरवलं. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही, कितीतरी वह्या तशाच बुडाल्या होत्या. आई एका दुकानात गेली, तिथल्या काकांनी तिला महिन्याच्या खात्याला नाही म्हटलं. पण म्हणाले, "वहिनी, आठवड्याचं घेऊन जावा. शनिवारी द्या, रविवारी परत न्या." एक किलो तेल नाही, पावशेर. दहा किलो ज्वारी नाही, अडीच. आईने दर शनिवारी पैसे दिले. कधी विड्या वळून, कधी कोणाची धुणी करून. दिवाळीच्या आधी काकांनी स्वतःहून खातं महिन्याचं केलं. गिरणीवाल्यांबद्दलचा आकडा काकांनाही ठाऊक होता आणि तो त्यांनी मानलाही. तो मानून त्यांनी माल कमी केला आणि मुदत कमी केली, आईला दारातून परत मात्र पाठवलं नाही. आणि आठ शनिवारांत त्यांच्याकडे आईचा स्वतःचा आकडा तयार झाला.

केंद्र सरकारची पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० ला फेरीवाल्यांसाठी आली, ती याच चालीची. पहिलं कर्ज १०,०००, ते फेडलं की २०,०००, मग ५०,०००. (ऑगस्ट २०२५ मध्ये पहिले दोन टप्पे १५,००० आणि २५,००० केले.) तारण मागायचं नाही, पायरी द्यायची.

तेव्हा तुम्ही काय कराल? मला वाटतं, ६०,००० चा अर्ज जसाच्या तसा रेटू नका. भट्टी थांबू शकते. ज्वारी थांबू शकत नाही, कारण सुगी संपली की भाव चढणार. ज्वारीपुरती रक्कम काढा, समजा २०,०००, मुदत सहा महिने, आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर भट्टीचा विचार करू असं त्यातच लिहा. गड्ड्यानंतर विक्री खाली येते हे वहीत दिसतंय, त्या महिन्यांचा हप्ता हलका ठेवता येतो का बघा. मग हे प्रकरण डेव्हिएशन, म्हणजे नियमाला अपवाद, म्हणून वर पाठवा. लाल म्हणजे कायमचा नकार की वरच्या सहीसाठी अडवलेलं, हे तुमच्या शाखेत कोणी नीट विचारलेलं नसतं असा माझा अनुभव आहे. बहुतेक ठिकाणी वरच्या सहीची वाट असते, फक्त तिकडे कोणी जात नाही.

त्या टिपणात 'बाई प्रामाणिक वाटतात' असं एकही वाक्य नको. महिन्याची विक्री, ज्वारी आणि सरपणाचा खर्च, घरखर्च, उरलेले पैसे. किती दुकानं किती वर्षांपासून माल घेतात. ११ वर्षांचं भाडं, घरमालकाचा शब्द घेऊन. वीजबिलं. दुकानदार मोबाइलवरून पैसे पाठवत असतील तर त्याच्या नोंदी. रिझर्व्ह बँकेचे १४ मार्च २०२२ चे सूक्ष्म कर्जाचे नियम तुम्हाला पाठ असतील: वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेलं कुटुंब, तारण नाही, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नाहीत. हा निम्म्याचा नियम फार शहाणा आहे, कारण त्या घराला किती झेपेल हे तो विचारतो. त्यात या बाई कुठे बसतात ते आकड्यात मांडा. 'नोंद नाही' या मुद्द्यावर साहेब अडले तर नम्रपणे सांगा, रिझर्व्ह बँकेने किमान सिबिल गुणांक ठरवून दिलेला नाही, आणि पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये असं तिने बँका आणि कंपन्यांना सांगितलेलं आहे.

आणखी एक सवय लावून घ्या, ती तुमच्या स्वतःच्या मनासाठी. घर बघून आलात की ॲपमध्ये माहिती भरण्याआधी आपलं मत कागदावर लिहा. देईन की नाही, किती, आणि कशावरून. प्रत्येकीला तेच सात-आठ प्रश्न, हिरव्या येणाऱ्या बाईलाही. अडखळत बोलणारीला मुलगा किंवा शेजारीण मध्ये घेऊन, पण तेच प्रश्न. ठिपका नंतर बघा. आधी बघितला की डोळे त्याच रंगाचे होतात. वर्षभर ही वही ठेवा. तुमचं मत, ॲपचा रंग, पुढे काय झालं. नाकारलेल्या बायकांपैकी कोणी बचत गटातून किंवा दुसरीकडून घेतलं आणि फेडलं, तेही कानावर आलं की लिहा. ज्या चुकांची नोंद कुठेच होत नाही असं मी वर म्हणाले, त्यांची थोडीफार नोंद तुमच्यामुळे होईल. वर्षअखेरीला ती साहेबांसमोर ठेवा. कदाचित त्यात तुमची पारख चुकलेलीही दिसेल. तेही कळलेलं बरं.

एवढं करूनही वरून नकार आला, तर? येऊ शकतो, मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. मग नकार कारणासकट द्या. बँकांना तर रिझर्व्ह बँकेचा दंडकच आहे की कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवायचं. तुमच्या कंपनीची ग्राहकांशी वागण्याची संहिता शाखेत लावलेली असेल, ती वाचून घ्या. 'सिस्टीममध्ये बसत नाही' हे कारण नव्हे, त्यावर माणूस काही करू शकत नाही. कोणत्या गोष्टीने प्रकरण अडलं आणि त्यांनी काय केलं तर पुढच्या वेळी सुटेल, एवढं दोन ओळींत लिहून द्या. आणि ते कारण नुसतं 'वस्ती' असेल, तर तसं लिहायची वेळ आल्यावर साहेबांनाही ते वाचावं लागेल. लिहिताना हात थांबतो ते कारण बहुतेक चुकीचं असतं.

हे सदर वाचणाऱ्या ज्या बायका टेबलाच्या पलीकडे, कर्ज मागायला बसतात, त्यांच्यासाठी थोडं. सिबिल आणि तशाच दुसऱ्या तीन कंपन्यांकडून वर्षाला एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मागवा. दुसऱ्याचं थकलेलं कर्ज आपल्या नावावर दिसणं फार दुर्मीळ नाही. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. नोंदच नसेल तर बचत गटाच्या वहीतलं कर्ज हीसुद्धा सुरुवात असते. फेरीवाल्या असाल तर महापालिकेत स्वनिधीची चौकशी करा. आणि वही ठेवा. येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या.

घर भाड्याने देणाऱ्या, लेकीसाठी स्थळ बघणाऱ्या, कारखान्यात माणूस ठेवणाऱ्या मंडळींचीही पत्रं मला येतात. 'त्या लोकांना घर द्यावं का', 'बापाला साखर आहे, मुलाला होईल का', 'त्या गावची पोरं टिकत नाहीत'. बापाला साखर असेल तर मुलाला धोका जास्त, हे खरं. म्हणून डॉक्टर त्याला लवकर तपासायला सांगतात. तोच आकडा डॉक्टरांच्या हातात त्याची काळजी घेतो आणि स्थळ बघणाऱ्यांच्या हातात त्याला नकार देतो. आणि पत्त्याचं म्हणाल, तर सोलापुरात कुंभारीजवळ रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. विडी वळणाऱ्या कितीतरी बायका तिकडे राहायला गेल्या. एका दिवसात त्यांचा पत्ता बदलला. त्या बायका आदल्या दिवशी होत्या तशाच होत्या.

ताई, तुम्ही भावनेच्या भरात नाही आहात. तुम्ही एका बाईचं घर आत जाऊन पाहिलंत, जे ठिपक्याने पाहिलेलं नाही, आणि पाहिलेलं विसरता येत नाही म्हणून तुम्हाला झोप लागत नाही. ही माहिती आहे, तिला माहितीसारखंच वागवा.

आणि ती वही. अर्जाचा निर्णय यायचा तेव्हा येईल, वही उद्याच परत द्या. शिपायाच्या हाती पाठवू नका, स्वतः जा. तीन आठवडे ती मुलगी दुकानांचा हिशेब कॅलेंडरच्या मागे नाहीतर सुट्या चिठ्ठ्यांवर लिहीत असेल. बसून तिला ते वहीत उतरवायला मदत करा, म्हणजे टिपणाला लागणारे या महिन्याचे आकडेही तुम्हाला तिथेच मिळतील.